प्रश्न तुमचे: दाराशी आलेले नवे शहर

या वेळची बहुतेक पत्रे पनवेल, उरण आणि पेण या तीन तालुक्यांतून आली आहेत. विमानतळ, अटल सेतू, उरणची लोकल आणि आता १२४ गावांच्या नव्या नगराची अधिसूचना, असे सगळे या पट्ट्यात थोड्या काळात येऊन पडले आहे. एक पत्र कुडाळहून आले आहे. त्यातला प्रश्न सगळ्या कोकणाला लागू पडतो, म्हणून त्यालाही जागा दिली आहे. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न: आमची ३० गुंठे जमीन नैनाच्या (नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या अधिसूचित क्षेत्राच्या) नगररचना परियोजनेत आली आहे. ४० टक्के परत मिळणार म्हणतात. मग ६० टक्के फुकट गेली का? आम्ही आता काय करायचे? (शेतकरी कुटुंब, पनवेल तालुका)

आधी हिशोब मांडू. ३० गुंठे म्हणजे साधारण ३,०३५ चौरस मीटर. त्याच्या ४० टक्के, म्हणजे सुमारे १,२१४ चौरस मीटरचा अंतिम भूखंड तुमच्या नावावर राहील. नैनातील परियोजनांत या भूखंडावर २.५ चटईक्षेत्र (भूखंडाच्या अडीच पट बांधकामाचा हक्क) मिळते, म्हणजे पुन्हा सुमारे ३,०३५ चौरस मीटर बांधकाम. मूळ ३० गुंठ्यांवर १ चटईक्षेत्र धरले तर जेवढे बांधता आले असते, तेवढेच आता कमी जागेत बांधता येईल. उरलेल्या ६० टक्क्यांतून रस्ते, मैदाने, शाळा-दवाखान्यांच्या जागा निघतात आणि सिडकोने (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने) विकून पायाभूत कामांचा खर्च उभा करायचे भूखंडही निघतात.

याला भूसंपादन समजू नका. १९७० पासून नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन घेतली गेली तेव्हा मालकी पूर्ण गेली. जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तान परिसरात आंदोलन झाले. गोळीबारात पाच शेतकरी गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली ती त्या लढ्यामुळे. त्या योजनेत एका एकरामागे, म्हणजे ४,०४७ चौरस मीटरमागे, ५०६ चौरस मीटर धरायचे. त्यातले ३० टक्के सामाजिक सुविधांसाठी वजा झाले की हातात राहतात ३५४. त्यावर चटईक्षेत्र १.५, म्हणजे ५३१ चौरस मीटर बांधकाम. जमिनीचा रोख मोबदला तेव्हा वेगळा मिळाला होता, आणि नैनात तसा सरसकट रोख मोबदला नाही, हेही तुलनेत धरायला हवे. तरी जमिनीवरचा हक्क पाहिला तर आताची योजना मालकाला बरीच जास्त देते.

खरी अडचण पुढे येते. २.५ चटईक्षेत्र कागदावर असणे वेगळे आणि ते वापरता येणे वेगळे. विमानतळाच्या परिसरात इमारतीच्या उंचीसाठी भारतीय विमानतळ प्राधिकरणाची परवानगी लागते. इमारत उंच गेली की चारही बाजूंना सोडायची मोकळी जागा वाढते. ज्यांची मूळ जमीनच ५ गुंठे आहे त्यांना २०० चौरस मीटरचा भूखंड मिळेल. समजा तो १२ बाय १७ मीटरचा आहे. पुढे ३ मीटर आणि बाकी तिन्ही बाजूंना दीड मीटर सोडले तर उरते ९ बाय १२.५, म्हणजे ११२ चौरस मीटर. ५०० चौरस मीटर बांधायला साडेचार मजले लागतात. खाली गाड्यांसाठी जागा, वर जिना, लिफ्ट. एवढ्याशा जागेत हे जमत नाही आणि हक्काचा एक भाग वाया जातो. म्हणून लहान खातेदारांनी शेजारच्या खातेदाराशी आताच बोलून ठेवावे आणि दोघांचे अंतिम भूखंड लागून लागून मिळावेत असे लेखी मागावे. भूखंड पडल्यावर ही मागणी करून फार थोडे हाती लागते.

आता काय करायचे. नगररचना अधिनियम १९६६ प्रमाणे ही योजना टप्प्याटप्प्याने जाते. हेतू जाहीर होतो, जमीनमालकांची सभा होते, मग प्रारूप योजना प्रसिद्ध होते आणि हरकतीसाठी ३० दिवस मिळतात. प्रारूप मंजूर झाले की सरकार लवाद नेमते. लवाद प्रत्येक मालकाला नोटीस देऊन ऐकतो आणि योजनेचे दोन भाग करतो. प्राथमिक योजनेत कोणता भूखंड कोणाला आणि कुठे हे ठरते. अंतिम योजनेत पैशांचा हिशोब असतो, म्हणजे भरपाई किती आणि अंशदान (मालकाने खर्चात द्यायचा वाटा) किती. प्राथमिक योजना मंजूर झाली की जमिनीची जुनी हद्द कायद्याने संपते. जागा बदलून हवी असेल, तुमचे घर किंवा विहीर रस्त्यात येत असेल, तर ते त्याआधीच मांडायला हवे. सभेत तोंडी बोललेले धरू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या.

सुनावणीला जाताना नकाशात आपला मूळ भूखंड आणि प्रस्तावित अंतिम भूखंड दोन्ही रंगवून न्या. योजनेच्या तक्त्यात तुमच्या नावापुढे क्षेत्र काय लिहिले आहे ते सातबाऱ्याशी ताडून पाहा. सातबारा, मोजणी नकाशा आणि प्रत्यक्ष वहिवाट यांत फरक असेल तर भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज लगेच टाका, कारण तारीख मिळायलाच वेळ जातो.

प्रश्न: सातबारा अजून आजोबांच्या नावावर आहे. वारस अकरा. योजनेत काही अडेल का? (उरण तालुका)

सगळेच अडेल. नोटीस आजोबांच्या नावाने निघेल आणि भूखंडही त्यांच्याच नावाने पडेल. आज तलाठी सजेत वारस नोंदीचा अर्ज करा: मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र, सगळ्यांचे पत्ते. लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावे वगळून केलेली नोंद पुढे कोर्टात जाते आणि अख्खा भूखंड अडकतो, म्हणून ती सुरुवातीलाच घाला. अकरा सहहिस्सेदारांना मिळून एकच भूखंड येण्याची शक्यता जास्त. वेगळे हवे असतील तर आधी आपसांत वाटप करून पोटहिस्से मोजून घ्यावे लागतील, पण तुकडे फार लहान झाले तर वरच्या उत्तरातली अडचण आलीच.

सातबाऱ्याचा इतर हक्काचा रकानाही वाचा. कुळाची नोंद, कूळ कायद्याच्या कलम ४३ ची शर्त, भोगवटादार वर्ग २ (हस्तांतरावर बंधन असलेली जमीन), आदिवासी खातेदार यांपैकी काही असेल तर विकण्याआधी किंवा विकासकाशी करार करण्याआधी बहुतेक वेळा सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. ती नसताना केलेले साठेकरार या पट्ट्यात ढीगभर आहेत, आणि त्यांत पैसे गुंतलेली माणसेही.

प्रश्न: आमची वसाहत वीस वर्षांपूर्वीची, रस्ते रुंद, गटारे मोठी. तरी दर पावसाळ्यात एकदोनदा तळमजल्यात पाणी शिरते. पंप मागवावेत का? (खाडीलगतच्या सोसायटीचे सचिव)

पंपाआधी धारण तलाव बघा. नवी मुंबईतले कितीतरी सेक्टर खाजण (भरतीचे पाणी येणारी खाडीकाठची सखल जमीन) भरून उभे राहिले आहेत आणि त्यांची पातळी उधाणाच्या भरतीपेक्षा खाली किंवा जेमतेम बरोबरीने आहे. खाडी चढलेली असते तेव्हा गटाराचे पाणी खाडीत उतरूच शकत नाही. ते थांबवून ठेवायला डच पद्धतीचे धारण तलाव खोदले आणि त्यांच्या तोंडाशी एका बाजूलाच उघडणाऱ्या झडपा बसवल्या. भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप मिटते आणि ओहोटीला आतल्या दाबाने उघडते. आपल्या खारभूमीच्या बांधाची उघाडी अगदी हेच काम करते.

एक उदाहरण मांडू. १०० हेक्टरच्या वसाहतीवर भरतीच्या तीन तासांत तासाला ५० मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे १५० मिलिमीटर. काँक्रीट-डांबरावरून त्यातले ८० टक्के वाहून येते असे धरा. पाणी झाले १ लाख २० हजार घनमीटर. १० हेक्टरच्या तलावात १.२ मीटर रिकामी खोली असेल तर ते बरोबर मावते. आता त्यात अर्धा मीटर गाळ बसला. ५० हजार घनमीटर पाण्याला जागा उरली नाही. ते सखल २० हेक्टरांवर पसरले तर २५ सेंटिमीटर, म्हणजे दहा इंच चढते. तळमजल्याच्या मीटर-पेटीपर्यंत जायला एवढे पुरते. तासाला हजार घनमीटर उपसणारा पंप तीन तासांत ३ हजार घनमीटर काढेल. ५० हजारांपुढे ते काहीच नाही. शिवाय ते पाणी टाकायचे कुठे? खाडी भरलेलीच असते.

गाळ मोजताना एक गोष्ट लक्षात घ्या. झडपेच्या उंबऱ्याच्या खालचा गाळ काढून पुराला फारसा फरक पडत नाही, कारण तिथले पाणी ओहोटीलाही बाहेर जात नाही. उंबऱ्याच्या वरची खोलीच कामाची. ठेकेदार सोयीच्या जागेचा गाळ काढून ट्रकच्या फेऱ्या दाखवतो, म्हणून काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर तलावाच्या पातळ्यांचा नकाशा मागा.

गाळ काढणे का रखडते, त्याचेही कारण आहे. गाळावर तिवरे, म्हणजेच कांदळवनातली झाडे, उगवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशाने आणि २०१८ च्या निकालाने कांदळवनाला संरक्षण आहे, त्यामुळे ती तोडायला न्यायालयाची परवानगी लागते. हे संरक्षण योग्यच आहे. चूक झाली ती आधीच्या वर्षांत गाळ न काढण्यात. सोसायट्यांनी मागणी करताना तिवरे तोडा असे म्हणू नये. तिवरे नसलेला भाग, गटारांची तोंडे आणि झडपेपुढची नाळ (पाण्याची वाट) यांचा गाळ काढा, असे नेमके मागावे.

आणि झडपा! पुष्कळदा पाणी तुंबते ते यांच्यामुळे. बिजागरी गंजून झडप अर्धी उघडी राहते, किंवा प्लास्टिकची गोणी, नारळाची झावळी, गणपतीचे मखर तिच्या कडेत अडकते आणि भरतीचे पाणी उलटे आत येते. पाऊस नसताना उधाणाला तुमच्या गटारात पाणी चढत असेल, तर झडप बिघडली आहे असे खुशाल समजा. पाणी जिभेवर न घेताही कळते: खेकडे आणि निवट्या गटारात दिसू लागतात. मे महिन्यातल्या एका उधाणाला, भरतीच्या वेळी जाऊन झडपेचे फोटो वेळेसह काढा आणि अर्जाला जोडा.

भरतीची वेळ कोकणात तिथीवरून काढतात: तिथीला तीनने गुणायचे आणि चारने भागायचे. पौर्णिमेला किंवा अमावास्येला १५ × ३ ÷ ४ म्हणजे सव्वाअकराच्या सुमाराला, अष्टमीला सहाच्या सुमाराला. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज आहे, नेमकी वेळ आणि उंची मुंबई बंदराच्या भरतीच्या तक्त्यात मिळते. सर्वांत मोठे उधाण पौर्णिमा-अमावास्येनंतर एकदोन दिवसांनी येते. पावसाळ्यातले असे दिवस आधीच कॅलेंडरवर खूण करून ठेवा. त्या दिवशी दुपारी गाड्या तळघरात नकोत आणि लिफ्टच्या खड्ड्यातला पंप आदल्या दिवशी चालवून पाहिलेला असावा.

प्रश्न: शेजारच्या खाजणात दोन मीटर भराव टाकून प्लॉट पाडत आहेत. स्वस्त आहेत. घ्यावेत का? आणि आमच्या शेताला काही होईल का? (पेण तालुका)

घेण्याआधी खालची माती काय आहे ते विचारा. खाजणाखाली मऊ, काळी, खारट चिकणमाती असते, ठिकाणाप्रमाणे काही मीटर जाडीची. दोन मीटर मुरूम म्हणजे दर चौरस मीटरवर साडेतीन टनांच्या आसपास वजन. त्याने चिकणमातीतले पाणी हळूहळू पिळून निघते आणि जमीन खचत जाते, वर्षानुवर्षे. अर्धा मीटर खचणे काही विशेष नाही. मोठ्या कामांत मातीत मीटर-दीड मीटरवर उभ्या निचरापट्ट्या घालतात, वर जादा भराव काही महिने ठेवून जमीन आधीच बसवून घेतात आणि मगच बांधतात. एक-दोन गुंठ्यांचे प्लॉट पाडणारा माणूस हे करत नाही.

मग काय होते? पाइलवरची, म्हणजे जमिनीत खोल रोवलेल्या खांबांवरची, इमारत जागेवर राहते आणि भोवतालचा भराव खाली जातो. पायऱ्या लोंबकळतात, जोत्याखाली पोकळी दिसते, इमारतीतून बाहेर येणारा मैल्याचा पाइप भिंतीलगतच तुटतो. सांडपाण्याची वाहिनी १०० मीटरला एक मीटर उताराने टाकली असेल आणि मधला थोडाच भाग ३० सेंटिमीटर जास्त खचला, तर तिथे पोट पडून कायमचा गाळ साचतो. पाइलशिवाय बांधलेले बैठे घर सगळेच कलते.

तुमच्या शेताचे सांगायचे तर धोका दोन बाजूंनी आहे. भरावाने जुनी नाळ बुजली तर वरचे पाणी तुमच्याच खाचरात थांबेल. आणि बाहेरकाठ्याच्या, म्हणजे खाडीच्या बाजूच्या, बांधाची निगा राखणारी माणसे जमीन विकून गेली की एखाद्या उधाणाला त्याला खांड, म्हणजे भगदाड, पडते आणि खारे पाणी आत येते. त्यानंतर भात पुन्हा नीट यायला काही पावसाळे जावे लागतात. शेतीचा पाण्याचा प्रवाह अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा करता येतो, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. तिवरांवर भराव पडत असेल तर तहसीलदार आणि वनखात्याचा कांदळवन कक्ष, दोघांकडे तक्रार द्या. एक हजार चौरस मीटरहून मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टाही राखावा लागतो, म्हणजे त्या पट्ट्यातला प्लॉट स्वस्त असण्याचे कारण तिथेच आहे.

प्रश्न: उलव्यात किंवा द्रोणागिरीत घर घ्यायचे आहे. ही उपनगरे इतकी वर्षे का रखडली, आणि आता वाढतील का? (नोकरदार जोडपे, मुंबई)

वास्तुविशारद चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडच्या शहराची, म्हणजे नवी मुंबईची, कल्पना मांडली, तेव्हा सरकारी कार्यालये आणि त्यांच्यामागून व्यापार इकडे येईल हा त्या कल्पनेचा कणा होता. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, ३४४ चौरस किलोमीटरचे शहर आखले गेले, २० लाख वस्तीचे उद्दिष्ट ठेवले गेले. पण मंत्रालय जागेवरच राहिले. नरिमन पॉइंटवर बांधकाम चालूच राहिले, पुढे वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. कामाच्या जागा न हलता घरे हलली, आणि माणसे रोज खाडी ओलांडू लागली. घाऊक बाजार वाशीला आले ती हलवाहलव मात्र खरी झाली, आणि वाशी तिथून जिवंत झाली.

दुसरे कारण रेल्वे. वाशीचा रस्त्याचा पूल सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला झाला, पण मानखुर्द-वाशी लोकल आली १९९२ मध्ये. त्या प्रकल्पात साधारण दोनतृतीयांश खर्च सिडकोने उचलला, तोही जमीन विकून. म्हणजे रेल्वे यायला जमीन विकली जायला हवी आणि जमीन चांगल्या भावाने विकायला रेल्वे हवी. या गाठीतून एकेक उपनगर सुटत गेले. लोकल पनवेलला १९९८ मध्ये पोचली, खारकोपरला २०१८ मध्ये आणि उरणला जानेवारी २०२४ मध्ये. त्याच महिन्यात २१.८ किलोमीटरचा अटल सेतू उघडला. उलवे आणि द्रोणागिरीची वाढ या तारखांच्या मागोमाग चालते.

तेव्हा घर पाहताना जाहिरातीतली मिनिटे सोडून द्या. स्टेशनपर्यंत पायी किती अंतर, रात्रीची शेवटची गाडी किती वाजता, गर्दीच्या वेळी दोन गाड्यांत किती अंतर, हे कामाच्या दिवशी जाऊन पाहा. अटल सेतूवरून रोज गाडी नेणार असाल तर टोल आणि पेट्रोल महिन्याच्या हप्त्यात मिळवून मग परवडते का ते ठरवा.

प्रश्न: गावठाणालगतचा फ्लॅट जवळजवळ निम्म्या भावात मिळतो. सिडकोच्या भूखंडावरचा महाग. फरक कशाचा? (कामोठे)

कागदांचा. सिडकोच्या भूखंडाची मालकी सिडकोकडे असते आणि विकासकाकडे मूळ ६० वर्षांचा भाडेपट्टा. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडात शेतकऱ्याकडून विकासकाकडे हक्क जातो तो सिडको, शेतकरी आणि विकासक यांच्या त्रिपक्षीय कराराने. तो करार, बांधकाम सुरू करण्याचा दाखला, भोगवटा दाखला आणि महारेराचा (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा) नोंदणी क्रमांक, हे चारही पाहा. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीला किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पाला महारेराची नोंदणी सक्तीची नाही, आणि नेमक्या त्या आकाराच्या इमारती गावठाणाभोवती जास्त उभ्या राहतात.

गरजेपोटी बांधलेली घरे हा प्रकल्पग्रस्तांचा न्याय्य प्रश्न आहे. कुटुंबे वाढली आणि गावठाण वाढवून दिले गेले नाही. सरकारने त्यासाठी नियमितीकरणाचे निर्णयही घेतले. पण मूळ कुटुंबाच्या राहत्या घरासाठीची सवलत बाहेरच्याला विकायला बांधलेल्या पाच मजली इमारतीला आपोआप लागू होत नाही. भोगवटा दाखला नसेल तर मोठ्या बँका कर्ज देत नाहीत, नळजोडणी अडते, आणि पुढे विकताना तुम्हालाही निम्माच भाव मिळतो.

प्रश्न: कुडाळ-सावंतवाडीकडेही उपनगर वसवावे अशी चर्चा असते. ओरोसचा अनुभव काय सांगतो? (कुडाळ)

१ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा झाला आणि त्याच्या मुख्यालयासाठी ओरोसला सिंधुदुर्गनगरी आखली गेली. कार्यालये आली, पण संध्याकाळी कर्मचारी घरी जातात ते कुडाळला आणि कणकवलीला. दोन्हीकडे भरलेले बाजार, शाळा, दवाखाने आधीपासून होते. नियोजनाच्या नेहमीच्या मापाने एका प्राथमिक शाळेला सुमारे ५ हजार आणि माध्यमिकला साडेसात हजार वस्ती लागते. तेवढी माणसे राहायला आल्याशिवाय शाळा चालत नाही, आणि शाळा नसेल तर मुलेबाळे असलेले कुटुंब येत नाही. आमच्या मते दक्षिण कोकणात नवे गाव माळावर वसवण्यापेक्षा चालू बाजारपेठेच्या कडेला, चालत जाता येईल एवढ्या अंतरावर वाढवावे.

सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, बांधायचे तर आणखी एक मोठी गोष्ट आहे. जांभ्याच्या भेगांतून मुरलेले पाणी खाली वाडीच्या झऱ्यांत आणि विहिरींत निघते. सड्यावर काँक्रीट झाले की खालची विहीर मार्चऐवजी जानेवारीत तळ गाठते, आणि सेप्टिक टँकचे पाणी त्याच भेगांतून त्याच विहिरीत उतरते. शोषखड्डा विहिरीपासून १५ मीटर दूर असावा असा ढोबळ नियम आहे, पण जांभ्यात तो पुरत नाही. विहीर उताराच्या खाली असेल तर शोषखड्डा करूच नये. सगळ्या घरांचे सांडपाणी एकत्र नेऊन शुद्ध करावे आणि बागांना द्यावे. आराखड्यात याची जागा राखलेली नसेल तर ग्रामसभेने तिथेच हरकत घ्यावी.

प्रश्न: नव्या इमारतीत पाणी पुरेल का हे आधी कसे कळेल? पर्जन्यसंधारणाने भागेल का? (खारघर)

माणशी रोज १३५ लिटर हे माप. १०० सदनिका, घरटी साडेचार माणसे, म्हणजे रोज सुमारे ६० हजार लिटर, दहा हजारांचे सहा टँकर. विकासकाकडे पाणीपुरवठ्याचे मंजुरीपत्र मागा आणि त्यात रोजचे किती लिटर लिहिले आहेत ते पाहा. नुसते 'जोडणी देण्यात येईल' हे वाक्य पुरेसे नाही. शेजारच्या चालू इमारतीच्या वॉचमनला मे महिन्यात किती टँकर येतात हे विचारा, त्याचे उत्तर मंजुरीपत्राहून खरे असते. नवी मुंबई महापालिकेकडे स्वतःचे मोरबे धरण आहे. पनवेलकडच्या उपनगरांना हेटवणे, पाताळगंगा अशा बाहेरच्या योजनांवर विसंबावे लागते, म्हणून हा प्रश्न तिथे जास्त विचारावा.

५०० चौरस मीटरच्या गच्चीवर अडीच हजार मिलिमीटर पावसात वर्षाला दहा लाख लिटर सहज पडते. पण ते चार महिन्यांत येते आणि तुटवडा असतो एप्रिल-मेमध्ये. एवढे साठवायला दहा लाख लिटरची टाकी कोणी बांधत नाही. जमिनीत मुरवावे तर खारघरसारख्या डोंगरपायथ्याला काही उपयोग होतो. खाडीकाठच्या भरावावर चिकणमाती पाणी खाली सोडत नाही आणि बोअरला खारेच पाणी लागते. तिथे पुनर्भरणावर खर्च करण्याआधी बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) तपासून घ्या. जास्त आला तर तो खर्च सोडून द्या, गच्चीचे पाणी गाळून वीस-तीस हजार लिटरच्या वेगळ्या टाकीत घ्या आणि जून ते सप्टेंबर संडासाच्या फ्लशला आणि जिने धुवायला वापरा. त्यासाठी फ्लशची पाइपलाइन वेगळी असावी लागते. इमारत बांधली जात असतानाच ती टाकून घ्या.